तेवीस बंद दारं

उमाकांत सुकलाल पाटील नेमकं काय काम करतो, हे त्याच्या गावात कुणालाच कधी नीट सांगता आलं नाही. खरं तर त्यालाही आलं नाही. शहादा तालुक्यात, पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला त्यांचं गाव. गावाला तलाठी कळतो, मास्तर कळतो, कारखान्यात लागलेला भाचा कळतो. ‘ऊर्जा धोरण सल्लागार’ कळत नाही. लग्नाची बोलणी चालू असताना मुलीच्या मामांनी विचारलं होतं, “धोरण म्हणजे काय करतात?” उमाकांतनं त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. गरिबाच्या घरी वीज स्वस्तात कशी जावी, सूर्याची वीज कुणाच्या वाट्याला किती यावी, वगैरे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, “पन पर्मनंट शे का?” पर्मनंट नव्हतं. आतल्या खोलीत ती मुलगी, रोहिणी, तोंडावर पदर धरून हसत होती. त्या हसण्यावरच लग्न जमलं, असं ती अजून सांगते.

वडील सुकलाल आबा पाहुण्यांना मुलाची ओळख अहिराणीत करून देत ती अशी: “मन्हा पोऱ्या लाइटना साहेब शे. पन त्याले फ्यूज टाकता येत नई.”

हे शब्दश: खरं होतं. धुळ्याहून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या या माणसाला गावातली माणसं सुरुवातीला मोठ्या आशेनं मोटार, मिक्सर, फवारणीचा पंप असलं काहीबाही आणून दाखवायची. तो प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून बघायचा आणि मग वीजदराच्या रचनेबद्दल बोलायला लागायचा. शेजारचे चुनीलालकाका तर एकदा पंखा घेऊन आले, तासभर सबसिडीवरचं व्याख्यान ऐकलं आणि पंखा तसाच काखेत मारून परत गेले. पुढं लोकांनी येणं सोडलं.

पुण्यात एका अभ्यासगटात त्यानं चौदा वर्षं अहवाल लिहिले. अहवालांमधला त्याचा लाडका शब्द होता ‘समन्यायी’. कुठल्याशा शासकीय मसुद्यात ‘सर्वांना वीज’ असं होतं, तिथं यानं भांडून ‘सर्वांना समन्यायी वीज’ करून घेतलं, आणि त्या एका शब्दावर तो पुढची दहा वर्षं जगला. चर्चासत्रात कुणी तो शब्द उच्चारला की उमाकांत खुर्चीत जरा ताठ बसायचा. आपण नेमून दिलेला शब्द चालतोय का, हे बघणाऱ्या मुकादमाची ती बैठक होती, असं आता तो स्वत:च म्हणतो.

चाळिशीला टेकल्यावर मात्र त्याला वाटायला लागलं की नुसतं लिहून काय उपयोग, आपल्या जिल्ह्यात जाऊन केलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी नंदुरबारला जिल्हा समन्वयक म्हणून तो आला. रोहिणीनं शाळेची बदली करून घेतली. योजना साधी होती. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर तार पोचलेली नाही, तिथं प्रत्येक राहत्या घराला एक सौर संच द्यायचा. एक पॅनल, एक बॅटरी, तीन दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय. राहतं घर कोणतं, हे ठरवायचा नियमही उमाकांतनंच पुण्यात बसून लिहिलेला होता. पूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात लोकांनी रिकाम्या झोपड्या उभारून संच लाटले होते, तेव्हा यानं नामी वाक्य तयार केलं: ‘सलग दोन भेटींत घर बंद आढळल्यास ते राहते घर समजण्यात येऊ नये.’ वाक्य शासनाला इतकं आवडलं की एक स्वल्पविरामही न हलवता त्यांनी ते उचललं. उमाकांतनं तो परिच्छेद लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. हसू नका. माणसं बक्षिसं ठेवतात, यानं परिच्छेद ठेवला.

सर्वेक्षणाचा फॉर्मही त्याचाच. मूळ सत्तेचाळीस रकान्यांचा होता, तो यानं छाटून एका पानावर आणला. शेवटच्या दिवशी एक रकाना काही केल्या पानात बसेना, तो त्यानं खोडला. तो रकाना असा होता: ‘कुटुंब वर्षातले किती महिने बाहेरगावी असते?’

सर्वेक्षण जानेवारीत लागलं. यादी फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला कायमची बंद होणार होती आणि पुढची फेरी कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या हाताखाली रिना वळवी म्हणून एक मुलगी होती. धडगावकडचीच, समाजकार्याची पदवी घेतलेली, कमी बोलणारी. ती डिसेंबरातच म्हणाली होती, “सर, मुदत वाढवून मागू. वरच्या पाड्यांवर होळीनंतर जाऊ.”

उमाकांतला वाटलं, पोरीला सणाची मोठी सुट्टी जोडून हवी आहे. त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली आणि सेवावृत्ती या विषयावर बोलला. सण सगळ्यांनाच असतात, पण अंधारातल्या माणसाला होळीची वाट बघायला लावायची का, असं काहीतरी फार चांगलं बोलला. रिनानं ऐकून घेतलं आणि “बरं सर” म्हणाली. तिला त्यानं तळोद्याकडच्या गावांवर पाठवलं आणि झिरणपाडा, सगळ्यात अवघड म्हणून, स्वत:कडं घेतला. अधिकारी डोंगर चढत नाहीत असं लोक म्हणतात ना, मग आपण चढून दाखवू, हा त्यामागचा विचार.

झिरणपाडा म्हणजे धडगावच्या वर, जीप सोडून दीड तास चढण. आपल्या सपाटीवरचं गाव एका जागी भिंतीला भिंत लावून असतं. तिथं प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, आपापल्या शेतात. एका घरून दुसरं घर दिसतं, पण पोचायला पाऊण तास लागतो. एक्केचाळीस घरं बघता बघता उमाकांतच्या गुडघ्यांनी हात टेकले. तरी काठी टेकत उभा असलेला एक फोटो त्यानं काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला. पहिल्या भेटीत तेवीस घरं बंद. बारा दिवसांनी दुसरी भेट. तीच तेवीस बंद. बांबूच्या ताट्यांची दारं, दोरानं बांधलेली, वर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘पडीक.’ सतराव्या घराला जरा साहित्यिक होऊन लिहिलं, ‘पडीक. दारावर काटेरी झुडपे वाढली आहेत.’

एका उघड्या घरात एक म्हातारी होती. ती तिथल्या पावरी बोलीत बरंच काही बोलली आणि हातानं खाली, दरीपलीकडच्या सपाटीकडं दाखवत राहिली. उमाकांतला वाटलं, बाई परतीची वाट दाखवतेय. तो हात जोडून दोनदा “आभारी आहे” म्हणाला आणि खाली उतरला. तीस जानेवारीला यादी चढवली. अठरा घरं पात्र, तेवीस अपात्र. जिल्ह्यात एकही बोगस लाभार्थी नाही, म्हणून वरून कौतुकाचा फोन आला. आढावा बैठकीत तुमचं काम नमुना म्हणून मांडायचं ठरलंय, असंही कळलं. त्या दिवशी त्यानं पेढे आणले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आबांचा फोन आला. “उमा, ऊसनी तोड चालू शे. येई जा एक चक्कर.” उमाकांत गेला. वावरात आबांचा सौर पंप आहे. तोही यानं ओळखीनं नाही, रीतसर नंबर लावून मिळवून दिलेला, आणि हे तो प्रत्येकाला न विचारता सांगतो. पंपाच्या खोलीला पंपासोबत मिळालेले दोन दिवे आहेत, एक आत, एक बाहेर, आणि मोबाइल चार्जिंगची जागा आहे. तिथल्या ओट्यावर बसून तो चहा पीत होता, तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई ओढणीच्या गाठोड्यात सात मोबाइल बांधून आली. पन्नाशीची, हातावर पाचटाचे ओरखडे. ती सरावानं आत गेली, एकेक मोबाइल आळीपाळीनं लावायला बसली.

“कुठल्या गावच्या, बाई?” उमाकांतनं सहज विचारलं. माणसांशी बोलत राहावं, असं त्यानं एका अहवालात लिहिलेलं होतं.

“धडगावकडच्या.”

“धडगावात कुठं?”

“वर. झिरणपाडा.”

उमाकांत हसला. हसताना त्याच्या मनात आलं ते असं, की या बाईंना आपल्या गावाचं नाव नीट सांगता येत नाहीये. झिरणपाडा तर आपण दोनदा बघून आलो. “तिथं तर बरीच घरं पडीक आहेत,” तो म्हणाला.

“पडीक कशी? माणसं इकडं आहेत ना.”

“किती जण आलात?”

“तेवीस कोयते.”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. तेवीस कोयते म्हणजे तेवीस जोड्या, तेवीस घरं. उमाकांतनं चहाचा कप खाली ठेवला. बाईंचं नाव फुलवंताबाई, नवऱ्याचं दलसिंग. तोड भोवतालच्या कुणाच्याही वावरात असली तरी या टोळीचा मुक्काम पाटलांच्या बांधावर असतो, दिवाळीपासून.

“निघताना घराला कुलूप लावता?”

“कुलूप कशाला? दाराला बोरीचा काटा बांधतो.” फुलवंताबाईंनी चौथा मोबाइल काढून पाचवा लावला. “काटा दिसला का लोक समजतात, घरवाले बाहेर गेले, परत येणार. म्हातारी माणसं लक्ष ठेवतात. ज्याला यायचंच नाही तो काटा कशाला बांधेल?”

उमाकांत उठला आणि पुन्हा बसला. काटेरी झुडपे वाढली आहेत. हे त्यानं लिहिलं होतं, स्वत:च्या अक्षरात, सरकारी कागदावर, आणि लिहिताना आपली निरीक्षणशक्ती चांगली आहे असंही त्याला वाटलं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “दिव्यांच्या यादीत तुमचं घर नाहीये.”

“का?”

“दोनदा येऊन बघितलं. घर बंद होतं.”

फुलवंताबाईंनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. “आम्ही इथं होतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वावरात.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची उमाकांतला सवय होती. चर्चासत्रांत तो तेच करत आला होता. त्या फक्त खरं ते सांगत होत्या. त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि लाजेच्या मागोमाग हिशेब आला: यादी बंद व्हायला सव्वीस दिवस. नंतर कुणी काही म्हणालं तरी ही तेवीस घरं कागदावर पडीकच राहणार होती.

सोमवारी त्यानं रिनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी बोलले होते सर, होळीनंतर जाऊ.”

“मला वाटलं तुला सुट्टी हवी होती.”

“माहीत आहे. तुम्ही सेवावृत्तीवर बोललात. वीस मिनिटं.”

“मग तू तेव्हा सांगायचं ना, की होळीला लोक परत येतात म्हणून!”

रिना म्हणाली, “तुम्ही याच जिल्ह्यातले ना सर. मला वाटलं, एवढं तर माहीत असणार.”

दोघंही कामाला लागले. रिनानं दुसऱ्याच दिवशी उसाच्या वावरात टेबल मांडून तेवीसही घरांचे फॉर्म भरायला घेतले. पहिलाच फॉर्म अॅपनं नाकारला. अर्जदार जिथं उभा आहे ती जागा आणि घराची जागा जुळत नाही, असं लाल अक्षरात आलं. फसवणूक होऊ नये म्हणून अॅपमध्ये ही सोय करून घ्यावी, असं सुचवणारं पत्र कुणी लिहिलं होतं, ते आता सांगायला नको. माणसांना डोंगरावर न्यावं तर चार दिवसांची तोड बुडणार. म्हणजे उपाय एकच उरला. होळी तेरा मार्चला होती. तेव्हा सगळे घरी जाणार होते. यादीची मुदत होळीच्या पुढं नेली पाहिजे, आणि त्यासाठी ज्या बैठकीत आपलं कौतुक होणार आहे, तिथंच उभं राहून आपण चुकलो असं सांगितलं पाहिजे.

उमाकांतनं आधी एक टिपण तयार केलं. विषय: ‘क्षेत्रीय पडताळणीतील हंगामी विसंगतीबाबत’. दोन पानं. रोहिणीला वाचायला दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, चष्मा डोक्यावर सरकवला.

“यात चूक हा शब्द कुठाय?”

“विसंगती म्हटलंय ना.”

“विसंगती पावसाची असते. ही तुमची चूक आहे.” मग ती जरा हसली. “आणि अहो, परवा कुरिअरवाला दोनदा येऊन गेला. मी शाळेत, तुम्ही दौऱ्यावर. दोन्ही वेळा दार बंद. आपण पण इथं राहत नाही का मग?”

हे त्याला फार लागलं. वाचणाऱ्याला विनोद वाटेल, त्यालाही वाटला, पण जेवताना त्यानं टिपण ताटाशेजारी घेऊन पुन्हा वाचलं. खरी भीती वेगळी होती, आणि ती त्यानं रोहिणीला सांगून टाकली. चौदा आणि चार, अठरा वर्षांत त्यानं पैसा कमावला नव्हता, नोकरी पर्मनंट नव्हती, हातात कला नव्हती. होतं ते एवढंच, की या माणसाचं म्हणणं पक्कं असतं, असं चार लोक म्हणायचे. ते गेलं तर मागं काय राहतं?

“फुलवंताबाईंचं घर,” रोहिणी म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

बैठक मोठी होती. पडद्यावर उमाकांतचं नाव आणि खाली ‘शून्य बोगस’ असं हिरव्या अक्षरांत. बैठक घेणाऱ्या साहेबांनी कौतुकाचे दोन शब्द बोलून त्याला उभं केलं. उमाकांतनं दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले. “साहेब, या यादीत तेवीस खरी घरं मी पडीक म्हणून कापली आहेत,” तो म्हणाला. “ती माणसं त्या वेळी माझ्या वडिलांच्या शेतात ऊस तोडत होती.”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. नियमाचं काय, असं त्यांनी विचारलं. शेजारच्या कारकुनांनी फाइल उघडून नियमाचा आधार वाचून दाखवला. तो उमाकांतच्याच अहवालातला होता आणि, दुर्दैवानं, छान लिहिलेला होता. बंद घरांबाबत सहानुभूती दाखवल्यास खऱ्या गरजूंवर अन्याय होतो, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. उमाकांतनं तो मुद्दा खोडायचा प्रयत्न केला, तर कारकुनांनी पुढचं पान वाचलं. त्या पानावर तो आक्षेप आधीच हाणून पाडलेला होता. अठरा वर्षांत इतका हुशार विरोधक त्याला भेटला नव्हता.

“तज्ज्ञांचं मत डावलायचं,” साहेब म्हणाले, “तर तसं दुसऱ्या तज्ज्ञांचं लेखी मत लागेल. जिल्ह्यात दुसरं कोण आहे?”

हळूहळू सगळे उमाकांतकडंच बघायला लागले.

मग त्यानं तिथंच बाजूच्या खोलीत बसून लेखी मत दिलं. ‘सदर तज्ज्ञांनी डोंगरातील घरे पुरेशी पाहिलेली दिसत नाहीत. सदर तज्ज्ञांना स्थानिक चालीरीतींची माहिती नसावी. दारावरील काटा हा घर राहते असल्याचाच पुरावा होय. सदर तज्ज्ञांचा निष्कर्ष चुकीचा असून ही चूक सदर तज्ज्ञांचीच आहे.’ चूक हा शब्द त्यानं मुद्दाम दोनदा घातला. लिहिता लिहिता त्याला बरंही वाटायला लागलं. सदर तज्ज्ञांबद्दल त्याच्या मनात बरंच साचलेलं होतं. खाली सही केली. साहेबांनी अहवालावरची सही बघितली, मतावरची सही बघितली, आणि खोकल्यासारखं करून रुमाल तोंडाला लावला. मुदत वीस मार्चपर्यंत वाढली. नमुना म्हणून दुसऱ्या जिल्ह्याचं काम मांडायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी उमाकांतनं टेबलाच्या काचेखालून तो परिच्छेद काढला आणि रिनाला दिसू नये अशा बेतानं कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिनं बघितलंच.

सोळा मार्चला दोघं झिरणपाड्यावर चढले. या वेळी फोटो काढायचं उमाकांतला सुचलं नाही, कारण श्वासच पुरत नव्हता. घरं तीच, पण दारं उघडी, अंगणात कोंबड्या, होळीला नाचून पाय सुजलेली माणसं खाटांवर पडलेली. फुलवंताबाईंच्या घरी तीच म्हातारी निघाली. त्यांच्या सासूबाई. पोरं उसाला गेली की ती दुसऱ्या घरी राहायला जायची, म्हणून तेव्हा तिथं भेटली होती. त्या दिवशी आपण काय सांगत होतो, ते तिनं रिनाला सांगितलं, आणि रिनानं ते उमाकांतला मराठीत सांगितलं: “आजी म्हणते, मी याला म्हटलं, पोरं खाली उसाच्या वावरात गेलीत, होळीला येतील. तू दमलायस, भाकर खाऊन जा. तर हा हात जोडून पळाला.” म्हातारी खूप हसली. मग तिनं त्याला भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

दुपारपर्यंत सोळा घरांचे फॉर्म झाले. अॅपनं एकही नाकारला नाही. फुलवंताबाईंच्या घराचा शेरा उमाकांतनं स्वत: लिहिला. ‘राहते घर.’ अक्षर चांगलं आलं. त्याला वाटलं, चला, सुटलो. अठरा वर्षांत कधी वाटलं नाही इतकं छान वाटत होतं. आता बाईंना जरा नीट समजावून सांगावं म्हणून तो पुढं सरसावून बसला. पॅनल छपरावर बसेल, बॅटरी आत भिंतीला, तीन दिवे, एक चुलीपाशी लावा, एक ओसरीवर.

फुलवंताबाईंनी ऐकलं. मग विचारलं, “भाऊ, हे खाली नेता येईल का?”

“नाही, बाई. मंजूर घरावरून हलवता येत नाही.”

“बरं.” त्यांनी मान हलवली. “मग आम्ही खाली गेलो का सासू इथंच राहील, तिला लागेल. तिला डोळ्यानं कमी दिसतं. चांगलं आहे.”

“आणि तुम्हाला खाली?”

“खाली आहे ना. चिमणी आहे.” घासलेटचा तो टिचभर दिवा त्यांनी दोन बोटांनी मापून दाखवला. “अन् तुमच्या पंपाच्या खोलीला दिवा असतो बाहेर. त्याचा उजेड पडतो ना बांधावर. मी झोपडी बांधते तेव्हा तोंड तिकडंच करते. भाकर थापता येते तेवढ्यात. नऊ साल झाले, जागा मी कोणाला देत नाही.”

हे त्यांनी तक्रारीनं सांगितलं नाही. चांगली जागा पटकावल्याचं समाधान होतं त्यात. उमाकांतच्या हातात फॉर्म तसाच राहिला. गावी आला की तो त्याच ओट्यावर बसत आला होता. पन्नास पावलांवर झोपड्या. त्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

“इथं फोन कुठं लागतो?” त्यानं रिनाला विचारलं.

घराच्या वर एक खडक होता, तिथं एक रेघ यायची. उमाकांत धापा टाकत चढला आणि त्यानं घरी फोन लावला. आबा जेवून पडले असावेत, आवाज जड होता.

“आबा, आपला बांधवर टोळी उतरस, त्यासना झोपड्यासले लाइट का बरं नई दिधी आपीन?”

आबा म्हणाले, “तू कधी सांगं नई.”

“मी?”

“तू त्याच कामले शे. माले वाटनं, गरज ऱ्हायनी ते तूच सांगशी.”

आबांच्या आवाजात टोमणा नव्हता. गरज असली तर मुलगा सांगेलच, असं म्हातारा खरंच समजून चालला होता, इतकी वर्षं. उमाकांतनं हे पुण्यात सांगितलं होतं, दिल्लीत सांगितलं होतं, रेडिओवर तीनदा सांगितलं होतं. बापाला सांगायचं राहून गेलं होतं. खडकावर उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं आलं असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण वारा नव्हता.

“आते सांगी ऱ्हायनू, आबा,” तो म्हणाला.

“बरं. मंग सांग, झोपड्या कितल्या शेतस? तितला दिवा आनतस.”

उमाकांतनं तोंड उघडलं. घरं एक्केचाळीस, बंद तेवीस, कोयते तेवीस, अर्ज सोळा, सगळे आकडे त्याला पाठ होते. झोपड्या किती, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं फोन कानाला तसाच धरून खडकावरून खाली हाक मारली आणि फुलवंताबाईंना विचारलं.